भट्टीचे तांबे आणि घरचे तांबे

वाचकहो, तुमच्या माळ्यावर तांब्याचा एखादा हंडा नाहीतर घंगाळ असणार, हे मी न पाहता सांगतो. हुबळी-धारवाडात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या मराठी घरांनी देशावरून आणि कोकणातून येताना देव आणले आणि तांब्या-पितळेची भांडी आणली. देव देव्हाऱ्यात राहिले. भांडी स्टीलच्या येण्याने माळ्यावर गेली आणि तिथे त्यांच्यावर हिरवट-निळसर पापुद्रा धरला. जुन्या बायका त्याला कळक म्हणत. ताक कळकले, आमटी कळकली, हे शब्द माझ्या लहानपणी घरोघर ऐकू येत. आता तुमच्या सुनेला विचारून पाहा, तिला त्याचा अर्थ सांगता येणार नाही. तिचा काही दोष नाही. स्टीलच्या भांड्यात काही कळकतच नाही.

या कळकेचा इतिहास मी दारूच्या भट्टीपासून सुरू करणार आहे. जैन माणसाने, तेही मंडळाच्या व्याख्यानमालेत, असा प्रारंभ करावा याचे काहींना नवल वाटेल. आमच्या श्रावकाचारात मद्यत्याग पहिल्या पायरीवर आहे आणि मी तो पाळतो. पण लॅमिंग्टन रोडवरच्या होमिओपॅथाच्या कपाटातली निम्मी बाटल्यांची रांग अल्कोहोलवरच उभी असते, हेही खरे. वनस्पतीचा मूळ अर्क अल्कोहोलमध्ये निघतो, आणि साखरेच्या गोळ्यांवर आपण जे थेंब टाकतो तेही त्याचेच. तेव्हा जे द्रव्य मी पीत नाही ते कोणत्या भांड्यात तयार होते आणि ते भांडे कोण कसे धुतो, याची चौकशी मला करावीच लागली. त्या चौकशीत समजले ते असे की तांब्याची जात ज्यांना खरी ओळखता आली त्यांत भट्टीवाला पहिल्या रांगेत होता.

घरी मद्य आंबवणे ही आपल्याकडे चोरून करायची गोष्ट नेहमीच होती असे नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाचे स्वतंत्र प्रकरण आहे. मद्याचा व्यवहार सरकारी देखरेखीखाली असला तरी कुटुंबांना समारंभाच्या निमित्ताने सुरा आणि औषधासाठी अरिष्ट करण्याची मोकळीक त्यात दिली आहे. उत्सव, जत्रा असल्या प्रसंगी चार दिवसांची सूट आहे. औषध आणि मद्य यांची सरहद्द कुठे आखायची हा प्रश्न इतका जुना आहे. आम्हा औषधवाल्यांच्या मागे तो कसा लागला ते पुढे येईलच.

तांब्याच्या भट्टीचे जवळचे उदाहरण आपल्याला घाटाखाली मिळते. काजूचे झाड पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणले. गोव्यातल्या लोकांनी त्याच्या बोंडाचा रस आंबवून गाळायला सुरुवात केली. पहिल्या गाळपाचा उर्राक, तो पुन्हा गाळला की फेणी. भट्टीला तिकडे भाटी म्हणतात आणि तिच्यावरच्या मोठ्या भांड्याला भाण. पूर्वी हे भाण मातीचे असे, पुढे तांब्याचे आले. २००९ साली काजूफेणीला भौगोलिक निर्देशांक मिळाला आणि वर्तमानपत्रांनी काजूचे, बोंडाचे, गोव्याच्या हवेचे कौतुक केले. भांड्याबद्दल कोणी फारसे लिहिले नाही.

तांबेच का? पहिले कारण कुणालाही पटेल: तांब्यातून उष्णता झटकन आणि सारखी पसरते, रस एका जागी करपत नाही. दुसरे कारण रसायनाचे आहे. कुठलाही रस आंबताना गंधकाची काही संयुगे तयार होतात, त्यांना कुजक्या अंड्यासारखा वास असतो. वाफ तांब्याला लागली की ती संयुगे धातूशी जोडली जाऊन भांड्यातच राहतात आणि पुढे जाणारी वाफ स्वच्छ होते. म्हणजे तांबे तिथे नुसते भांडे नसते, ते काम करते आणि काम करताना झिजते. स्कॉटलंडमधल्या व्हिस्कीच्या भट्ट्या अजून तांब्याच्या आहेत त्या याचसाठी, आणि त्यांचे पत्रे पातळ झाले की बदलावे लागतात. यावरून भट्टीचा एक नियम निघतो: वाफेच्या वाटेवरचे तांबे उघडे हवे. त्याला कथलाचा मुलामा दिला तर ते भांडे मुके झाले.

आता धुण्याचा विषय. काम झालेल्या तांब्यावर काळसर थर बसतो, तो काढला नाही तर पुढच्या खेपेला धातू वाफेला भेटतच नाही. आत करपट, तेलकट काही चिकटले असेल तर ते राखेने निघते, कारण राखेत क्षार असतो. काळा-हिरवा डाग मात्र राखेला दाद देत नाही, त्याला आंबट लागते. चिंच, आमसूल, लिंबू, बिंबल, जे हाताशी असेल ते. आम्ल त्या थराला विरघळवते आणि खालचे लालबुंद तांबे वर येते. पण खरी गोम यानंतर आहे. ज्या आंबटाने डाग निघतो तेच आंबट भांड्यात ओलसर राहिले आणि त्याला हवा मिळाली, की एका रात्रीत नवा हिरवा डाग धरतो. पातळ आम्लाला तांबे विरघळवायला हवेतला प्राणवायू लागतो. म्हणून भांडे चुलीवर उकळत असताना जेवढे बिघडत नाही त्याहून कितीतरी जास्त ते धुऊन ओले ठेवल्यावर बिघडते. आंबटानंतर भरपूर साधे पाणी, मग कोरड्या फडक्याने पुसणे, मग ऊन. यातली शेवटची पायरी गाळली तर पहिल्या दोन वाया गेल्या.

काजूचा हंगाम उन्हाळ्यापुरता, नंतर पावसाळाभर भांडे रिकामे. हंगामाच्या सुरुवातीचे धुणे म्हणूनच सगळ्यांत महत्त्वाचे. आणि त्यातही भाणाच्या पोटापेक्षा वरची नळी. पोटात राहिलेला तांब्याचा क्षार वाफेबरोबर उडत नाही, तो खालीच राहतो. नळीत जिथे वाफेचे पाणी होते तिथला हिरवा क्षार मात्र थेट गाळलेल्या दारूत उतरतो. हात पोटात जातो, नळीत जात नाही. निष्काळजी माणसाची भट्टी बाहेरून आरशासारखी चकचकीत असते ती त्यामुळेच.

नळीचे दुसरे भय सांध्यांचे. सांधा शिशाने जोडला तर दारूत शिसे उतरते. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स वसाहतीने शिशाची टोपणे आणि शिशाच्या नळ्या वापरून रम गाळायला १७२३ सालीच कायद्याने बंदी केली होती. लोकांना पोटशूळ होत होता आणि हातपाय लुळे पडत होते. दारू किती गाळली यापेक्षा ती कशातून गाळली याची चौकशी करणारा तो कायदा मला शहाणपणाचा वाटतो. आपल्या मुंबई इलाख्यातल्या कायद्यांची नजर दुसरीकडे होती.

१८७८ चा मुंबई अबकारी कायदा आला. ठिकठिकाणच्या लहान भट्ट्या बंद करायच्या आणि एका मोठ्या सरकारी देखरेखीच्या भट्टीत सगळी दारू गाळून तिच्यावर कर घ्यायचा, हा त्यामागचा विचार. त्याच वर्षीच्या डिसेंबरात ब्रिटिशांनी पोर्तुगालशी करार केला. गोव्यातले मीठ ब्रिटिशांच्या हाती गेले आणि अबकारीची व्यवस्था मुंबईच्या धर्तीवर आणण्याचे ठरले. मोरमुगावहून घाट चढून कॅसलरॉकमार्गे आपल्या हुबळीकडे येणारी रेल्वे त्याच कराराचे अपत्य. १८९२ मध्ये करार संपला, रेल्वे राहिली. त्याच १८९२ साली मोहाच्या फुलांचाही कायदा झाला. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत फुले गोळा करण्यावर आणि बाळगण्यावर निर्बंध आले, कारण फुले घरात असली की भट्टी लागते अशी सरकारची खात्री. ज्या कातकरी-ठाकरांचे उन्हाळ्यातले ते अन्न होते त्यांना काय वाटले हे कोणी विचारले नाही.

आपल्या रस्त्याला ज्यांचे नाव आहे ते लॉर्ड लॅमिंग्टन १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर होते, तेव्हा ही व्यवस्था पक्की रुळलेली होती. पुढे १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने तर दारू गाळण्याचे भांडे जवळ असणे हाच गुन्हा ठरवला. धारवाड जिल्हा १९५६ च्या नोव्हेंबरपर्यंत मुंबई राज्यातच होता, म्हणजे तो कायदा आपल्याही वाडवडिलांना लागू होता; घाटाखाली पोर्तुगीज हद्दीत मात्र भाट्या उघड्यावर पेटत होत्या. मला या कायद्याच्या हेतूबद्दल आदर आहे. पण एक परिणाम लक्षात घ्या. जे भांडे केव्हाही जप्त होऊ शकते त्यात तांब्याचे पैसे कोण घालील? मग हातभट्टी आली, आणि हातभट्टीबरोबर गंजके डबे, पिंपे, मिळेल ती नळी. लपूनछपून काम करणारा माणूस भांडे उन्हात वाळवत बसत नाही. परवान्याच्या भट्टीवाल्याला जे माहीत होते ते ज्ञान कायद्याच्या बाहेर ढकलले गेल्यावर टिकले नाही.

औषधवाल्यांची गोष्ट सांगायची राहिली. १९४९ च्या कायद्याने अल्कोहोल असलेली औषधे आणि सुगंधी द्रव्येही बंदीच्या जाळ्यात ओढली. त्याविरुद्ध मुंबईचे एफ. एन. बलसारा न्यायालयात गेले. १९५१ साली सर्वोच्च न्यायालयाने दारूबंदी उचलून धरली, पण अल्कोहोलयुक्त औषधे आणि प्रसाधने यांवरची बंदी रद्द ठरवली. आमच्या अर्कांच्या बाटल्या कपाटात राहिल्या त्यात या निकालाचा मोठा वाटा आहे. कौटिल्याचे अरिष्ट दोन हजार वर्षांनी पुन्हा एकदा सुटले म्हणा.

भट्टीवरच्या तांब्यावर सरकारची नजर होती. घरातल्या तांब्यावर कोणाचीच नव्हती. तिथे कल्हईवाल्याची फेरी हाच काय तो कायदा. आणि माझ्या मते खरा इतिहास इथे आहे.

घरचा नियम भट्टीच्या उलटा. पिण्याचे पाणी उघड्या तांब्यात चालते. पण ताक, दूध, आमटी, चिंचेचे सार यांसाठीच्या तांब्या-पितळेच्या भांड्याला आतून कथलाचा मुलामा हवा. ही भांडी घडवणाऱ्यांच्या वस्त्या आपल्या ओळखीच्या आहेत. पुण्यात कसब्यातली तांबट आळी. तिथले मठारकाम, म्हणजे हातोडीच्या ठोक्यांनी पत्र्यावर उठवलेली खवले-खवले नक्षी, अजून पाहायला मिळते. बेळगावात बोगारवेस, आणि बोगार म्हणजे आमच्या जैनांतलेच कासार. आपल्या हुबळीत कंचगार गल्ली. हे लोक भांडे विकत, आणि त्या भांड्याला कुठे उघडे ठेवायचे, कुठे झाकायचे हेही सांगत.

तुमच्यापैकी ज्यांनी साठी ओलांडली आहे त्यांना कल्हईवाला आठवतच असेल. अंगणाच्या कोपऱ्यात तो खड्डा करी, कोळसा भरी, भाता लावी. आधी भांडे आंबटाने आणि वाळूने घासून लख्ख करायचे, कारण तेलाचा एक ठिपका राहिला तरी तिथे कथील धरत नाही. मग भांडे तापवायचे. कथील २३२ अंशांना वितळते आणि तांबे १०८५ अंशांना, या मधल्या मोठ्या जागेत सगळी कला. नवसागराची चिमूट टाकली की पांढरा धूर उठे आणि नाकाला झोंबे. नवसागर तापलेल्या तांब्यावरचा ऑक्साइड खाऊन टाकतो, म्हणूनच कथील धातूला धरते. कथलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्याने दोन हात फिरवले की काळ्या पोटात चांदणे पडल्यासारखे होई. लगेच पाण्यात, चर्र. आम्ही मुले त्या आवाजासाठी उभे असायचो.

हा मुलामा कायमचा नसतो. रोजच्या घासण्याने, पळीच्या ओरखड्यांनी तो उडतो आणि तळाशी लाल दिसू लागते. पूर्वी लाल दिसले की भांडे बाजूला निघे. मग मधली काही वर्षे अशी आली की कल्हईवाला कधीतरीच येऊ लागला, कथील महागले, आणि स्टील अजून सगळ्यांच्या ऐपतीत आले नव्हते. कल्हई उडालेल्या भांड्यांत दूध तापत राहिले.

त्या काळात दक्षिणेत आणि महाराष्ट्रात लहान मुलांचा एक रोग होता. मुलाला ‘लिव्हर झाली’ असे म्हणत. सहा महिने ते तीन वर्षांचे मूल, पोट फुगलेले, किरकिरे, यकृत हाताला दगडासारखे लागणारे. मग कावीळ, जलोदर, आणि बहुतेक वेळा काही महिन्यांत शेवट. मद्रासचे जम्मीचे लिव्हर क्युअर कित्येक घरांच्या कपाटात असे. वैद्यकीय वाङ्मयात या रोगाची नोंद १८८७ पासून, कलकत्त्याहून, सापडते आणि पुढे जवळजवळ शंभर वर्षे कारण कळले नाही. त्या मुलांच्या यकृतात तांबे भयंकर प्रमाणात साठलेले असते, हे आधी लक्षात आले होते. ते येते कुठून, याचे उत्तर पुण्याने दिले. के. ई. एम. रुग्णालयातले डॉ. आनंद पंडित, डॉ. शीला भावे आणि इंग्लंडचे डॉ. स्टुअर्ट टॅनर यांनी १९८३ साली ‘लॅन्सेट’मध्ये लिहिले: या मुलांना फार लवकर वरचे दूध दिले गेले होते, आणि ते दूध बिनकल्हईच्या पितळी वा तांब्याच्या भांड्यात तापवलेले आणि ठेवलेले होते.

दुधाला आंबटपणा नसतो, मग त्यात तांबे कसे उतरते, असा प्रश्न मलाही पडला होता. दुधातले केसीन हे प्रथिन तांब्याला धरून ठेवते आणि भांड्यातून आणखी ओढत राहते. वास येत नाही, रंग बदलत नाही, कळकल्याची चव येत नाही. ताक ओरडून सांगते, दूध गप्प बसते.

याच्यासारखीच हकिगत ऑस्ट्रियातल्या टिरोल प्रांतातून १९९६ मध्ये प्रसिद्ध झाली. १९०० ते १९७४ या काळात तिथल्या डोंगरी खेड्यांत १३८ तान्ही मुले अशाच रोगाने गेली होती. तिथेही दूध-पिठाची पेज बिनकल्हईच्या तांब्याच्या भांड्यात शिजवत. भांडी बदलली आणि रोग संपला. सगळ्याच मुलांना तो होत नसे, म्हणून काही जन्मजात दुबळेपणाही त्यात असावा असे तिथल्या संशोधकांनी मांडले. आपल्याकडेही प्रत्येक रुग्णाचा उलगडा भांड्याने होत नाही असे म्हणणारे डॉक्टर आहेत, आणि त्यांचे म्हणणे ऐकण्यासारखे आहे. पण पुण्याकडे भांडी बदलण्याचा सल्ला घरोघर दिला गेला, स्टील आले, आणि रोग झपाट्याने कमी झाला. लवकर आणलेली काही मुले पेनिसिलामाइन या औषधाने वाचली. ती माझ्या गोळ्यांनी वाचली असती असे मी म्हणणार नाही.

माझ्या शास्त्रालाही तांबे परके नाही. १८३१ च्या युरोपातल्या कॉलऱ्याच्या साथीत हानेमानने जी औषधे सुचवली त्यांत कापराबरोबर तांबेही होते. आपल्या रसशास्त्रज्ञांनी तर विषात एक दोष मानला आणि अशुद्ध तांब्यात आठ. तांब्याला पवित्र मानणाऱ्याच परंपरेने त्याच्या शोधनाचे इतके सोपस्कार सांगितले, हे त्याच्या पवित्रपणावर भिस्त ठेवणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

हे सगळे आज सांगण्याचे कारण, तांबे परत आले आहे. लग्नात तांब्याच्या बाटल्या वाटतात. पाण्यापुरते त्यात तथ्य आहे: बेंगळुरूच्या संशोधकांनी २०१२ साली दाखवले की जंतू मिसळलेले पाणी तांब्याच्या भांड्यात सोळा तास ठेवले तर जुलाबाचे जंतू मरतात आणि पाण्यात उतरलेले तांबे जागतिक आरोग्य संघटनेच्या लिटरला दोन मिलिग्रॅम या मर्यादेच्या पुष्कळ खाली राहते. पण बाटलीचे तोंड निमुळते. भट्टीच्या नळीचाच दोष, हात आत जात नाही. माझ्याकडे मळमळ, पोटात कळ घेऊन येणाऱ्यांना मी हल्ली विचारतो की बाटलीत काय भरता, आणि कोणीतरी लिंबूपाणी म्हणतो, कोणी ताक.

आपल्या एका परिचित घरातला मुलगा अमेरिकेत आहे. तिथे घरी बिअर करायला १९७८ च्या कायद्याने मुभा मिळाली, इंग्लंडात ती १९६३ पासून आहे. त्याने मला फोनवर विचारले, काका, उकळलेला रस थंड करायचे तांब्याचे वेटोळे हिरवे पडले आहे, काय करू? मी पीत नाही म्हणून उत्तर टाळले नाही. व्हिनेगरने हिरवे काढ, साध्या पाण्याने दोनदा धू, कोरडे करून ठेव, वापरण्याआधी पुन्हा बघ. आणि आंबून तयार झालेली बिअर तांब्यात ठेवू नकोस. त्याच्या पणजीने त्याच्या आजीला ताकाबद्दल हेच सांगितले असणार, असे म्हटल्यावर तो हसला.

तेव्हा माळ्यावरचा हंडा खाली काढा. पाण्यासाठी वापरायचा असेल तर चिंचेने घासा, विसळा, उन्हात उपडा घाला, आणि पाणी रोज बदला. दूध-ताकासाठी वापरायचा असेल तर कल्हई केल्यावाचून नको. कल्हईवाले अजून आहेत, भांड्यांच्या जुन्या दुकानात चौकशी केली की पत्ता मिळतो. मात्र कथील शुद्ध आहे ना हे पाहून घ्या, कारण स्वस्त पडावे म्हणून त्यात शिसे मिसळतात. शुद्ध कथलाची कांडी कानाजवळ धरून वाकवली तर बारीक करकर ऐकू येते. शिशाच्या कांडीतून काहीच आवाज येत नाही.